शिह त्झूच्या पिल्लाला चघळायच्या काड्या द्याव्यात का?

लालबागची वहिनी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे गेल्या महिन्यात शिह त्झूचं पिल्लू आलंय. मादी आहे, वय साडेतीन महिने, वजन २ किलो १०० ग्रॅम, नाव बर्फी. खाणंपिणं नीट आहे. लसीचे दोन डोस झालेत, तिसरा या शनिवारी आहे.

सध्या दिवसभर तिचं चावणं चाललेलं असतं. सोफ्याचा पाय, चपला, सासूबाईंच्या पदराचं टोक. मिक्सरची वायर मी वर बांधून टाकली. ह्यांनी घराजवळच्या पेट शॉपमधून एक मोठी पिशवी भरून आणलीय. त्यात गाठ मारलेली पांढरी हाडं आहेत, पेन्सिलीएवढ्या जाड तपकिरी मंची स्टिक्स आहेत आणि एक पिवळट, फार कडक कांडी आहे. ती याकच्या दुधाची असते म्हणे. दुकानदार म्हणाला, "सगळी पिल्लं खातात, दात मजबूत होतात."

काल ह्यांनी तिला एक तपकिरी काडी दिली. दहा मिनिटांत तिचं टोक ओलं होऊन चिकट झालं. बर्फीने तो भाग तोडला आणि न चावता गिळला. लगेच ठसका लागला. दोन-तीनदा खोकली, मग ठीक झाली. मी काडी काढून घेतली, पण तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

सासूबाई संगमेश्वरच्या. त्या म्हणतात हे विकतचं काही नको, कोंबडीची शिजवलेली तंगडी दे, गावची कुत्री त्यावरच वाढतात. ठाण्याच्या नणंदेकडे पॉमेरियन आहे, त्याला रोज एक काडी मिळते आणि त्याला काही झालेलं नाही. नेमकं कोणाचं ऐकावं कळत नाही. ह्यांची नऊची लोकल, त्यामुळे दिवसभर घरी मी आणि सासूबाईच. काही अडकलं तर काय करायचं हेसुद्धा मला माहीत नाही. लहान जातीची कुत्री ज्यांच्याकडे आहेत त्यांनी कृपया सांगा.

वसईवाला

वहिनी, एवढं घाबरू नका. आमचा लॅब्रॅडॉर आठ वर्षांचा आहे. लहानपणापासून हाडं, काड्या सगळं खातो, अजून ठणठणीत आहे. पिल्लाला चावायला काहीतरी द्यावंच लागतं, नाहीतर ते घर खाणार. फक्त चांगल्या कंपनीचं घ्या, सुटं घेऊ नका, आणि खाताना लक्ष ठेवा. बास.

निळी छत्री

वहिनी, मी दादरला पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे. डॉक्टर नाही, पण टेबलावर कुत्र्याला धरणं, एक्स-रेसाठी झोपवणं हे माझं काम. त्यामुळे या काड्या शेवटी कुठे जाऊन बसतात ते मी जवळून बघते. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. त्या पिशवीतलं काहीही बर्फीला आत्ता देऊ नका. गाठीची पांढरी हाडं आणि याकची कांडी तर ती मोठी झाल्यावरही नको.

वसईवाला दादा म्हणतात लक्ष ठेवा, चांगल्या कंपनीचं घ्या. दोन्ही बरोबर आहे. पण लक्ष कधी ठेवायचं हे कोणी सांगत नाही, आणि सगळा धोका तिथेच आहे. काडी तोंडापेक्षा लांब असते तोवर कुत्रा ती पंजात धरून चघळतो. ती झिजून पूर्ण तोंडात मावायला लागली की तो चघळणं सोडून गिळायला बघतो. हे शेवटचे दोन इंच. त्याच वेळी आपण काढून घ्यायला हात पुढे केला तर तो आणखी घाईने गिळतो. म्हणून माझा एकच आग्रह आहे. चघळायचं काहीही द्या, पण शेवटचा तुकडा त्याच्या पोटात जाता कामा नये. त्याच्या बदल्यात उकडलेल्या चिकनचा कण द्यायचा आणि तुकडा केरात टाकायचा. "एवढासाच तर राहिलाय" म्हणून सोडून द्यायचा नाही.

लॅब्रॅडॉर तीस किलोचा आणि बर्फी दोन किलोची. जो तुकडा त्याच्या अन्ननलिकेतून सहज खाली जाईल तो हिच्या छातीत अडकेल. अन्ननलिका तीन ठिकाणी फारशी ताणली जात नाही: छातीत शिरते तिथे, हृदयाच्या वर, आणि पोटाच्या अलीकडे, छाती-पोटामधल्या पडद्यापाशी. अडकलेले तुकडे बहुतेक याच जागी सापडतात. शिह त्झूचा चेहरा चपटा, दात दाटीवाटीने आणि वाकडे आलेले, त्यामुळे चावून बारीक करणं तिला मुळातच कठीण जातं. श्वासाची वाटही अरुंद. पग आणि पेकिनीजचंही तेच.

आमच्याकडे संध्याकाळच्या वेळी एक तीनेक किलोचा पॉमेरियन आणला होता. सारखी लाळ गळत होती. मान पुढे ताणून परत परत गिळल्यासारखं करत होता. पाणी प्यायला की फेसासकट बाहेर. घरच्यांना वाटलं घसा बसलाय, म्हणून त्यांनी मध चाटवला होता. एक्स-रेत हृदयाच्या वर हाडाचा तुकडा स्पष्ट दिसला. एंडोस्कोपीची, म्हणजे कॅमेऱ्याची नळी आत घालून बघायची, सोय असलेल्या ठिकाणी पाठवावं लागलं. तिथे भूल देऊन तो तोंडावाटे काढला, आणि नंतर कितीतरी दिवस त्याला पातळ पेजेवर ठेवलं, कारण नळीला आतून जखम झाली होती. अशी जखम भरताना नळी आकसूही शकते. त्याच्या घरच्या आजी टेबलाजवळून हलायला तयार नव्हत्या. हाड निदान एक्स-रेत दिसतं. चामड्याचा तुकडा बऱ्याचदा नीट दिसतही नाही, मग शोधण्यात वेळ जातो.

आता पिशवीतल्या एकेका वस्तूबद्दल.

गाठीची पांढरी हाडं ही हाडं नसतात. त्याला रॉहाइड म्हणतात. गुराच्या कातड्याचा आतला थर चुना वगैरे लावून केस काढून साफ करतात, कधी हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरा करतात, मग गुंडाळून वाळवतात. बशीभर पाण्यात रात्रभर ठेवून बघा, सकाळी केवढं फुगतं आणि कसं लिबलिबीत होतं ते. असं चामडं पोटात लवकर विरघळत नाही. बर्फीच्या आतड्यात फुगलेला तुकडा बसला तर पोट उघडावं लागतं. तपकिरी मंची स्टिक्स बहुधा याच चामड्याचा भुगा दाबून आणि वास-रंग लावून केलेल्या असतात. त्या लवकर मऊ पडतात म्हणून दुकानदार त्या पिल्लांसाठी सांगतात. पण तुमच्याकडे काल झालं तेच होतं. मऊ झालेलं टोक तुटतं आणि अख्खं आत जातं.

याकची कांडी म्हणजे छुर्पी. हिमालयाकडचं वाळवलेलं चीज, नेपाळ-सिक्कीमकडे माणसंही चघळतात. पदार्थ म्हणून वाईट नाही, पण तिचा कडकपणा दातांना झेपत नाही. कुठलीही चघळायची वस्तू आणली की अंगठ्याचं नख तिच्यात जोरात दाबून बघा. खूण उमटली नाही तर ती दाताला जड आहे. याकची कांडी, हरणाचं शिंग, गुराचं खूर, कडक नायलॉनची हाडं, सगळी या परीक्षेत नापास. बर्फीला आत्ता अठ्ठावीस दुधाचे दात आहेत, आणि ते सुईएवढे बारीक. आता ते पडायला लागतील, सहा-सात महिन्यांची होईपर्यंत पक्के बेचाळीस येतील. दुधाचा दात मोडला तर त्याच्या मुळाशी पू होऊन खालच्या पक्क्या दातालाही त्रास होऊ शकतो. मोठ्या कुत्र्यांत कडक वस्तूने वरची मोठी दाढ उभी चिरते, बाहेरच्या बाजूने अख्खी कपची निघते. दादा, तुमच्या लॅबची वरची चौथी दाढ, सगळ्यांत मोठी, ती एकदा ओठ उचलून दोन्ही बाजूंनी बघाच. कुत्री दात दुखला तरी खात राहतात, त्यामुळे घरच्यांना कळत नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं मी रोज ऐकते आणि त्यामागे माया असते हे मला माहीत आहे. पण शिजवलेलं हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या निघतात. कोंबडीचं तर फारच. आणि गावात कुत्रं दोन दिवस दिसलं नाही तर रानात गेलं म्हणतात, त्याच्या पोटात काय होतं ते कोणी उघडून बघत नाही. त्यांना बर्फीला काहीतरी आपल्या हातचं द्यायचंच असेल तर तंगडीचं मांस काढून, कांदा-लसूण-मीठ न घालता उकडून, बारीक तंतू करून द्यायला सांगा. बर्फी त्यांच्यामागेच फिरायला लागेल.

अजून एक गोष्ट, याबद्दल फार कमी बोललं जातं. इतक्या लहान पिल्लाचं पोट काडीने भरलं आणि त्याने जेवण टाळलं तर रक्तातली साखर पटकन उतरते. थरथरतं, लुळं पडतं. त्यामुळे या वयात दिवसातून चार वेळचं जेवण पहिलं, बाकी सगळं नंतर. मोठेपणीही पाच किलोच्या शिह त्झूला दिवसाला साधारण ३५० कॅलरी पुरतात, आणि खाऊ त्याच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. म्हणजे ३५. बऱ्याच काड्या एकट्याच त्याच्या पुढे जातात. नणंदेला सांगा, पाकिटाची मागची बाजू वाचून बघ.

अडकलं तर काय करायचं, हे लिहून फ्रिजवर लावा. पिल्लू पंजाने तोंड ओरबाडतंय, आवाज निघत नाही, हिरड्या-जीभ निळसर पडतेय, म्हणजे श्वास अडलाय. तोंड उघडून बघा. तुकडा दिसत असेल तर दोन बोटांनी धरून काढा. दिसत नसेल तर आंधळेपणाने बोट घालू नका, तो आणखी आत जातो. मागच्या बाजूने कमरेला धरून डोकं खाली, पाय वर असं उलटं धरा आणि खांद्यांच्या मधोमध तळव्याने चार-पाच थापा मारा, दोन किलोच्या जिवाला सोसतील अशा बेताने. निघालं तरी दवाखान्यात दाखवा. आणि श्वास चालू आहे पण सारखी उलटी, लाळ, खाणं बंद, पोटाला हात लावू न देणं, शी न होणं असं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. मीठपाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. मिठाने वेगळंच विष होतं, आणि टोकदार वस्तू परत वर येताना जास्त फाडते.

तुम्ही लालबागला आहात, परळचं बैलघोडा हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आहे. महालक्ष्मीला २०२४मध्ये सुरू झालेलं टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं हॉस्पिटलही जवळच. रात्री कुठे कोण असतं, एंडोस्कोपी कुठे होते, हे आजच फोन करून विचारून ठेवा. ऐनवेळी नंबर सापडत नाही.

अबोली

निळी छत्री यांनी इतकं नीट सांगितलंय की मी फक्त चावायला काय द्यायचं तेवढं लिहिते. बर्फीच्या हिरड्या शिवशिवत असणार. तिला गार लागलं की बरं वाटतं.

आमच्याकडे चाळीच्या खालून उचलून आणलेलं इंडी पिल्लू आहे, आता वर्षाचं होईल. त्याच्या दात येण्याच्या दिवसांत मी जुन्या सुती टॉवेलचा लांब तुकडा ओला करून, पीळ घालून फ्रीझरमध्ये ठेवायचे. कडक झाला की एक टोक माझ्या हातात, दुसरं त्याच्या तोंडात. गार उतरला की परत आत. एकटं सोडून द्यायचं नाही, सुटे धागे गिळतात. कधी आतून पोकळ असलेल्या रबरी खेळण्यात बिनसाखरेचं दही आणि मऊ भात भरून गोठवायचे. पिल्लांसाठी वेगळं मऊ रबर मिळतं, तेच घ्या, आणि तोंडात पूर्ण मावणार नाही असं मोठं. अर्धा तास शांतता मिळायची.

गाजराचं बरेच जण सांगतात. लहान गोल चकत्या मात्र देऊ नका, त्याच घशात बसतात. अख्खं जाड गाजर गार करून हातात धरून कुरतडू द्या, नाहीतर सरळ किसून.

आणि आता पावसाळा तोंडावर आहे. मुंबईच्या हवेत उघडी राहिलेली काडी आठवड्यात बुरसते. बुरशी आतल्या बाजूला असली तर दिसतही नाही, आंबूस वास येतो. आमच्या घरी तर चघळून ठेवलेल्या तुकड्याला सकाळी मुंग्यांची रांग लागायची. अर्धवट चघळलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवूच नका. शिवाय वाळवलेले कान, पाय असल्या खाऊला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. अमेरिकेत २०१९मध्ये डुकराच्या वाळवलेल्या कानांमुळे माणसांनाच साल्मोनेला या जंतूची लागण झाली होती. घरात म्हातारी माणसं आहेत म्हणून सांगते.

वसईवाला

निळी छत्री ताई, रात्री बघितलं. उजव्या बाजूच्या मोठ्या दाढेची कड सपाट झाल्यासारखी वाटते, पण चीर वगैरे मला तरी दिसली नाही. येत्या आठवड्यात दाखवून घेतो. मी हाडं अगदीच बंद करेन असं नाही म्हणत, तो लहानपणापासून कच्चं हाड खातोय. पण शिजवलेलं बंद, आणि शेवटचा तुकडा काढून घेणार. माझा एक प्रश्न. त्या चिकनच्या वाळवलेल्या पट्ट्या, बाहेरून येतात त्या, त्या मऊ असतात. त्या चालतील का? आणि दात घासायच्या हिरव्या काड्या मिळतात, त्यांचा खरंच उपयोग होतो?

निळी छत्री

दादा, दाखवून घेताय हे फार बरं केलंत.

चिकनच्या पट्ट्यांबद्दल मी तरी सावध आहे. अमेरिकेची एफडीए, म्हणजे तिथलं अन्न आणि औषध खातं, २००७पासून जर्कीबद्दल, म्हणजे अशाच वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्यांबद्दल, इशारे देत होती. त्यातल्या बऱ्याचशा पट्ट्या चीनमधून आलेल्या होत्या. त्या खाऊन हजारो कुत्री आजारी पडल्याच्या तक्रारी गेल्या, काहींची मूत्रपिंडं बिघडली, आणि इतकी तपासणी होऊनही नेमकं कारण सापडलं नाही. चिकन आपल्याला सहज मिळतं. छातीचा भाग पातळ कापून, मीठ-मसाला न लावता ओव्हनमध्ये पूर्ण शिजवून मग मंद आचेवर वाळवा, डबा फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. देताना मात्र कात्रीने बारीक करा.

दात घासायच्या काड्यांतल्या काहींचा उपयोग होतो. व्हीओएचसी नावाची पशुवैद्यक दंततज्ज्ञांची संस्था १९९७पासून आहे. कीटण खरंच कमी होतं असा पुरावा दिला तर ती उत्पादनाला आपली मोहर देते. पाकिटावर ती मोहर शोधा. पण मोहर असलेली काडीसुद्धा कुत्र्याच्या वजनाप्रमाणेच घ्यायची. छोट्या कुत्र्याला मोठी काडी मोडून दिली की तो तुकडा थेट गिळायच्या मापाचा होतो. बहुतेक पाकिटांवर किमान वय आणि वजन लिहिलेलं असतं आणि पिल्लं त्यात बसत नाहीत. खरा उपयोग ब्रशचा. कुत्र्यांची पेस्ट वेगळी मिळते. आपली वापरायची नाही, काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाचं साखरेऐवजी वापरायचं गोड द्रव्य असतं, ते कुत्र्यांना विषारी आहे.

लालबागची वहिनी

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. पिशवी ह्यांनी आजच दुकानात नेली. उघडलेली पाकिटं घेतली नाहीत, ती टाकून दिली. पांढरं हाड पाण्यात ठेवून बघितलं. सकाळी सासूबाईंनी स्वतः बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे पोरीला द्यायचं नाही." चिकनचे तंतू त्याच करतायत. ओल्या टॉवेलचा पीळ बर्फीला फार आवडलाय. परळ आणि महालक्ष्मी, दोन्हीकडचे नंबर फ्रिजवर लावलेत.

आज मात्र टॉवेलवर रक्ताचे दोन-तीन ठिपके दिसले आणि पुढचा एक बारीक दात लादीवर सापडला. हे ठीक आहे ना? आणि शनिवारी लसीला जाणारच आहोत, तर डॉक्टरांना दातांबद्दल काय विचारू?

निळी छत्री

ठीक आहे वहिनी, अगदी वेळेवर आहे. पुढचे दात आधी पडतात, सुळे नंतर, पाच-सहा महिन्यांच्या सुमाराला. रक्ताचे थोडे ठिपके चालतात. बरेच दात पिल्लं गिळूनही टाकतात, त्याने काही होत नाही. सतत रक्त येत असेल, तोंडाला घाण वास असेल किंवा एका बाजूनेच खात असेल तर दाखवा.

शनिवारी त्या ठसक्याबद्दल आवर्जून सांगा आणि छाती तपासून घ्या. मधल्या काळात खोकला, ताप किंवा खाण्यात फरक दिसला तर शनिवारपर्यंत थांबू नका. पातळ शी झाली आणि त्यात रक्त दिसलं तर काडी बाधली असेल म्हणून घरी बसू नका. लसीकरण पूर्ण व्हायचंय, त्यामुळे पार्व्हो या विषाणूची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी.

दातांचं म्हणाल तर छोट्या जातींत एक गोष्ट नेहमी होते. पक्का सुळा येतो पण दुधाचा पडत नाही, दोन्ही एकाशेजारी एक उभे राहतात. मधे अन्न अडकतं आणि नवा सुळा वाकडा येतो. सहा महिन्यांनंतरही असं दिसलं तर नसबंदीच्या ऑपरेशनच्या वेळी, त्याच भुलीत, जुना दात काढता येतो का ते डॉक्टरांना विचारा. दोनदा भूल द्यावी लागत नाही.